ऊर्जेचे पहिले अभ्यास: ध्वनिमुद्रित संचाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

काम ठरलं. नवशिक्यांसाठी मराठीत ध्वनिमुद्रित अभ्यासांचा संच करायचा. सात ट्रॅक, प्रत्येक आठ ते बारा मिनिटांचा, खुर्चीत बसून करता येईल असा. सोसायटीच्या हॉलमधल्या संध्याकाळच्या योगवर्गाची ही जुनी मागणी आहे, घरी करायला काहीतरी द्या म्हणून. त्यांच्या फोनवर आत्ता काय आहे ते ऐकून पाहिलं. बहुतेक सगळं हिंदी, मागे बासरी आणि धबधबा, आणि दुसऱ्याच मिनिटाला 'आता सहस्रारातून सोनेरी ऊर्जा खाली उतरते आहे' (सहस्रार म्हणजे टाळूवर मानलेलं ऊर्जेचं केंद्र). उतरत नसेल तर ऐकणाऱ्याने काय करायचं, याबद्दल निवेदक गप्प.

म्हणून आपला नियम एकच, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: सुरुवात शरीराला खरोखर लागणाऱ्या गोष्टीने. स्पर्श, वजन, ऊब, श्वास. मनातलं चित्र त्याच्या मागून. आणि कुठल्याही रोगाचं नाव घ्यायचं नाही. 'थायरॉइड बरा होतो' छापाचं एकही वाक्य माझ्या आवाजात जाणार नाही.

रेकॉर्डिंग भाचा करणार. त्याची अट अशी की मावशीने लिहून वाचायचं, मनाचं बोलायचं नाही. बघू.

७ नोव्हेंबर

पहिला ट्रॅक तळहातांचा. हा अभ्यास बऱ्याच ठिकाणी पहिलाच शिकवतात, आणि त्याला कारण आहे: बहुतेकांना लगेच काहीतरी जाणवतं. तळहात एकमेकांवर घासायचे, चांगली ऊब येईपर्यंत. मग पोटासमोर धरायचे, तळवे एकमेकांकडे, मध्ये वीतभर अंतर. सावकाश जवळ आणायचे, चार बोटांवर आले की थांबायचं, पुन्हा थोडे लांब न्यायचे. खांदे सैल, कोपरं कमरेपासून किंचित सुटी.

आज वर्गात करून घेतलं. तळमजल्यावरच्या काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "अगं, मध्ये काहीतरी आहे गं. दाबलं की परत ढकलतंय." शेजारच्या काकांना काहीच लागलं नाही, नुसते हात गरम झाले म्हणाले.

दोघांचंही खरं आहे. घासल्यावर कातडी तापते आणि जवळ आणलेल्या तळव्यांना एकमेकांची ऊब लागते. तळहातात आणि बोटांच्या टोकांत स्पर्श ओळखणारी मज्जातंतूंची टोकं दाट असतात. त्यात अधांतरी धरलेल्या हातांचे स्नायू सारखे बारीक बारीक सावरत असतात, त्याचीही ओढ वाटते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लक्ष. एका बोटाच्या टोकाकडे मिनिटभर नुसतं लक्ष लावलं तरी तिथे मुंग्या, ठोके, किंचित जडपणा असं काहीबाही वर येतं. ते तिथे असतंच, एरवी आपण विचारत नाही.

इथे एमिली रोझाचा प्रयोग वर्गाला सांगितला. अमेरिकेतली ही मुलगी, वय ९, शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तिने हाताने ऊर्जाक्षेत्र जाणवतं असं म्हणणाऱ्या 'थेराप्युटिक टच' उपचारकांना बोलावलं. उपचारकाने पुठ्ठ्याच्या पडद्याखालून दोन्ही हात पुढे करायचे. पलीकडे एमिली नाणं उडवून ठरवणार, आपला हात त्यांच्या उजव्या हातावर धरायचा की डाव्या. उपचारकाने ओळखायचं, कुठल्या. २१ जण, मिळून २८० वेळा, बरोबर आले १२३. म्हणजे ४४ टक्के. नुसतं छापा-काटा म्हटलं असतं तरी निम्मे आले असते. १९९८ मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं.

काकू जरा हिरमुसल्या. "मग मला लागलं ते खोटं होय?" म्हटलं, काकू, तुम्हाला लागलं ते तुमच्या हातातलं आहे आणि तेवढं पुरे. दुसऱ्याचा आजार हाताने ओळखायचा दावा वेगळा, तो आपल्या संचात नाही. आपल्याला हवंय ते एवढंच की लक्ष एका जागी नेता आलं पाहिजे, आणि तिथे नेलं की काय होतं ते बघता आलं पाहिजे.

स्क्रिप्टमधलं पक्कं झालेलं वाक्य: 'काही जाणवलं तर जाणवू द्या. नाही जाणवलं तर हात गार आहेत की कोमट, एवढंच बघा.'

११ नोव्हेंबर

श्वासाचा ट्रॅक. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असे मिनिटाला सहा श्वास, हे मुक्कामाचं ठिकाण. पण शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. तिथून एकदम सहावर आणलं तर नवख्याचा जीव घाबरा होतो आणि तो ट्रॅक पुन्हा लावत नाही. म्हणून पहिली दोन मिनिटं नुसतं पाहायचं, काही बदलायचं नाही. मग तीन आत, चार बाहेर. पुढचं ज्याला जमेल त्याने.

या सहाच्या आकड्याची एक गोष्ट मला फार आवडते. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की ख्रिस्ती जपमाळेतलं लॅटिन 'आवे मारिया' म्हणा किंवा 'ओम् मणि पद्मे हुम्' म्हणा, दोन्हींनी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि त्या गतीला हृदयाच्या ठोक्यांची व रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळायला लागते. कुणीही मोजायला बसलेलं नव्हतं, म्हणणंच त्या मापाचं. तेव्हा ज्यांना आकडे मोजायचा कंटाळा त्यांच्यासाठी दुसरा मार्ग दिला आहे: सोडताना सावकाश 'रामकृष्णहरी', किंवा घरात जे नाम चालतं ते.

वर्गातल्या एका तरुणाने सांगितलं की एका व्हिडिओमागे जोरजोरात श्वास घेतल्यावर ओठांभोवती आणि बोटांत झिणझिण्या येतात, डोकं हलकं होतं, ऊर्जा चढल्यासारखी वाटते. त्याला शांतपणे समजावून सांगितलं. जोरात आणि भराभर श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर खाली जातो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं. रक्ताची आम्लता बदलते, म्हणून झिणझिण्या. फार ताणलं तर बोटं वाकडी होऊन आखडतात. ही प्रगतीची खूण नव्हे, थांबायची खूण आहे. तो म्हणाला, "पण ताई, तिथे तर याच्यापुढे जायला सांगतात." सांगत असतील. आपल्या ट्रॅकवर 'डोकं हलकं झालं तर मोजणं सोडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या' हे दोनदा येणार, सुरुवातीला आणि मध्यावर.

भस्त्रिका, कपालभाती असे जोरकस श्वास आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, संचात नाहीत. रक्तदाब, हर्निया, गर्भारपण यातलं कुणाला काय आहे हे फाइलला विचारता येत नाही.

१३ नोव्हेंबर

दुपारी रेकॉर्डिंग अशक्य. कुकर, भंगारवाला, वरच्या मजल्यावर ड्रिल. भाच्याने कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या तोंडाशी माइक लावला, साड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे, आणि खरंच घुमला नाही. आता पहाटे पाचला बसायचं. "मावशी, पंखा बंद. आणि बांगड्या काढ."

१८ नोव्हेंबर

आज चक्रं, म्हणजे योगात शरीरात ठिकठिकाणी मानलेली ऊर्जेची केंद्रं. सगळ्यांना हाच ट्रॅक हवा आहे आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच आहे.

वर्गात विचारलं, छातीतल्या अनाहत चक्राचा रंग कोणता? सगळे एका सुरात: हिरवा. बेंबीजवळचं मणिपूर पिवळं, कण्याच्या तळाचं मूलाधार लाल, वर जांभळं. इंद्रधनुष्य खालून वर लावलेलं. हे चित्र इतकं सर्वत्र आहे की ते हजारो वर्षांचं वाटतं. प्रत्यक्षात ही रंगमाला विसाव्या शतकात पश्चिमेत तयार झाली, १९७० नंतर फोफावली, आणि पोस्टरवरून परत आपल्याकडे आली.

जुनं वर्णन पाहायचं तर बंगालमधल्या पूर्णानंदांचं 'षट्चक्रनिरूपण' आहे, १५७७ चं. जॉन वुड्रॉफ यांनी 'आर्थर अॅव्हलॉन' या नावाने १९१९ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि मुख्यतः तिथून चक्रं युरोप-अमेरिकेत पसरली. त्यात मणिपुराच्या पाकळ्या पाण्याने भरलेल्या ढगासारख्या काळ्यानिळ्या आहेत आणि आत अग्नीचा लाल त्रिकोण. अनाहताच्या पाकळ्या बंधूक फुलासारख्या तांबड्या, आत वायूचं धुरकट षट्कोणी मंडल. हिरवा कुठेच नाही. पाकळ्या ४, ६, १०, १२, १६, २. बेरीज ५०, आणि प्रत्येक पाकळीवर वर्णमालेतलं एक अक्षर. म्हणजे चक्र हे त्या साधकाला मुळात अक्षरं आणि देवता ठेवायचं स्थान होतं, एका विशिष्ट उपासनेचा भाग. शिवाय शाक्तांची सहा, नाथांच्या काही ग्रंथांत नऊ. संख्याही एक नाही.

हे ऐकून एक ताई म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस आम्ही चुकीचा रंग बघत होतो?" असं मी म्हणणार नाही. रंग हा लक्षाला दिलेला टेकू आहे. हिरव्यावर मन टिकत असेल तर हिरवा चालेल. फक्त 'माझं अनाहत फिकट दिसतंय, ब्लॉक आहे' म्हणून रात्री काळजी करायची गरज नाही.

मग ट्रॅकमध्ये काय ठेवायचं? इथे न्यास कामाला आला. संध्या करताना आजोबा 'हृदयाय नमः, शिरसे स्वाहा, शिखायै वषट्' म्हणत छातीला, डोक्याला, शेंडीला हात लावायचे, ते अनेकांनी पाहिलेलं आहे. मंत्र म्हणायचा आणि त्याच क्षणी त्या जागेला बोट लावायचं. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी योगनिद्रेत शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवण्याची पद्धत बसवली, तिचं मूळ त्यांनी याच न्यासात सांगितलं आहे. मंत्र आणि हात लावणं दोन्ही वगळलं. नवशिक्यासाठी मी तो हात परत आणते आहे.

तीनच जागा घेतल्या: बेंबीच्या खाली चार बोटं, छातीचा मध्य, भुवयांमधली जागा. मधलं बोट हलकेच टेकवायचं, पाच श्वास. बोट काढायचं. कातडीवर स्पर्शाची खूण काही सेकंद रेंगाळते, तिच्यावर लक्ष ठेवायचं. ती विरत आली की तिथे सोडलेला श्वास जातो आहे अशी कल्पना. पुसट झाली तर पुन्हा बोट टेकवा, त्यात कमीपणा नाही. वर्गात या अभ्यासाला 'कुठे लक्ष देऊ?' हा प्रश्न कुणीच विचारला नाही, आणि एरवी चक्रध्यानात तोच पहिला असतो.

भुवयांमध्ये मात्र लोक डोळे वर चढवतात आणि कपाळ दुखतं. 'डोळे खाली सैल, गालांकडे' असं घातलं.

२४ नोव्हेंबर

'मला काही दिसतच नाही.' ही तक्रार आल्याशिवाय एकही वर्ग जात नाही, आणि सांगणारा माणूस खालच्या आवाजात, काहीतरी उणं असल्यासारखं सांगतो.

मनात चित्र उमटणं ही प्रत्येकाची वेगळी देणगी असते. काहींना अगदी फोटोसारखं दिसतं, बहुतेकांना पुसट, आणि थोड्यांना अजिबात नाही. या न दिसण्याला एक्सेटर विद्यापीठातले मज्जाविकारतज्ज्ञ अॅडम झीमन यांनी २०१५ मध्ये 'अफँटेझिया' असं नाव दिलं. तो आजार नाही. अशी माणसं आपलं घर ओळखतात, रस्ता सांगतात, स्वयंपाक करतात. फक्त डोळे मिटल्यावर पडदा काळा.

आज कैरीचा प्रयोग केला. कैरीची फोड, वर मीठ-तिखट, दातांखाली कचकन तुटली, आंबट रस जिभेच्या कडांना लागला. सावकाश, इतकंच. मग विचारलं. एक काका म्हणाले, "कैरी काही दिसली नाही, पण तोंडाला पाणी सुटलं." झालं की मग! शरीराने ऐकलं. चित्र हे एक दार आहे, घरात यायला इतरही आहेत.

म्हणून प्रत्येक ट्रॅकमध्ये दृश्याच्या सूचनेला जोडून एक न पाहता करायची सूचना लिहिली. 'छातीत उजेड पसरतो आहे' याच्यापाठोपाठ 'किंवा नुसती ऊब'. 'किंवा'ने जोडलेली वाक्यं वाचताना लय तुटते, भाचा कुरकुरतो आहे, पण ती राहणार. ऊब आणि जडपणा यांचा वापर नवा नाही. बर्लिनचे मानसोपचारतज्ज्ञ योहान्स शुल्त्स यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या 'ऑटोजेनिक' पद्धतीची सुरुवातच 'उजवा हात जड आहे', 'उजवा हात ऊबदार आहे' अशा वाक्यांनी होते. नुसतं चित्र बघा म्हणण्यापेक्षा हे नवख्याला लवकर लागू पडतं, असा माझा अनुभव.

उजेडाच्या ट्रॅकसाठी समई. ज्योतीकडे डोळ्यांवर ताण न देता पाहायचं आणि डोळे मिटायचे. मिटल्या पापण्यांआड ज्योतीचा ठिपका राहतो, रंग बदलत बदलत विरतो. ही दृष्टिपटलावर राहिलेली खूण असल्यामुळे कल्पनाशक्ती लागतच नाही. हठयोगातल्या षट्क्रियांमधलं, म्हणजे सहा शुद्धिक्रियांमधलं, त्राटक ते हेच. तो ठिपका विरला की तोच उजेड छातीत आहे असं धरायचं, तिथून अभ्यास पुढे. डोळ्यांचं दुखणं किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी ज्योत वगळून थेट उबेपासून सुरू करायचं.

२९ नोव्हेंबर

पायांचा ट्रॅक. 'पायांतून मुळं जमिनीत जात आहेत' हे चित्र ठेवलं, पण आधी काम: टाचा जमिनीत दाबा, पोटऱ्या-मांड्या आवळा, पाच मोजा, सोडा. आवळून सोडल्यावर येणारं सैलपण ओळखायला शिकवणं ही शिकागोच्या एडमंड जेकबसन यांची पद्धत, १९२० च्या दशकातली. मुळं त्या सैलपणात सोडायची.

उभं राहून डोळे मिटून करायला सांगणार नाही. साठीच्या पुढे तोल जातो. खुर्ची, तीही चाकांची नको.

४ डिसेंबर

तो श्वासवाला तरुण पुन्हा भेटला. कुंडलिनीचा, म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेली मानतात त्या शक्तीचा, ट्रॅक का नाही?

म्हटलं, घरी ज्ञानेश्वरी आहे ना, सहावा अध्याय काढ. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं तशी साडेतीन वळणांची कुंडलिनी, हे वर्णन पुढे येतं. त्याच्या आधी माउली काय सांगतात ते वाच. जागा कशी असावी, आसन कसं घालावं, मग मूळबंध, जालंधर, वोढियाणा हे शरीर आवळून धरायचे बंध. आणि कुंडलिनीच्या वर्णनानंतरही आहार, झोप, बोलणं सगळं मापात हवं. गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव अशी माणसाकडून माणसाकडे आलेली विद्या आहे ती. दहा मिनिटांच्या फाइलमध्ये मी काय भरणार? आणि बिघडलं तर फाइल कुणाला फोन करणार?

'बिघडलं तर' हे घाबरवायला म्हटलेलं नाही. तासन्‌तास तीव्र ध्यान करणाऱ्यांमध्ये झोप उडणं, धडधड, आपण आपल्यात नसल्यासारखं वाटणं असे त्रास नोंदले गेलेले आहेत. पूर्वी मनाचा गंभीर आजार झालेल्यांनी किंवा मोठा आघात सोसलेल्यांनी डॉक्टरांना विचारून आणि डोळे उघडे ठेवून करावं, गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत, हे प्रत्येक ट्रॅकच्या आरंभी येणार. तो ऐकून घेऊन गेला. पटलं की नाही, कळलं नाही.

९ डिसेंबर

सहावा ट्रॅक सगळ्यांत जास्त वेळा फाडून लिहिला. मूळ अभ्यास सगळीकडे असा मिळतो: स्वतःभोवती पांढऱ्या प्रकाशाचं कवच कल्पा, म्हणजे दुसऱ्यांची नकारात्मक ऊर्जा आत येणार नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणाऱ्या आपल्या घरांत हे लगेच रुजतं. पण त्यातून उरतं काय? अमकी आली की डोकं चढतं, तमक्याच्या घरचं पाणी नको. कल्पनेतलं कवच घालण्यासाठी आधी कल्पनेतला शत्रू लागतो, आणि तो बहुधा सुनेत, जावेत किंवा शेजारणीत सापडतो.

तरी मागणी खरी आहे. वर्गातल्या एका बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करतात. दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर, रात्री हाक आली की उठणं. त्या म्हणाल्या, "खोलीतून बाहेर आले तरी मी खोलीतच असते. पोळ्या लाटताना कान तिकडेच." यांना कवच नको आहे, सासूबाईंपासून वाचायचं नाहीच आहे त्यांना. खोलीतून बाहेर पडल्यावर खरोखर बाहेर यायचं आहे.

त्यांच्यासाठी लिहिलेला अभ्यास असा. मोरीत हात धुवायचे, कोपरापर्यंत, पाण्याचा गारवा कुठवर आला ते पाहत. पुसताना टॉवेल जरा दाबून. मग उजव्या तळव्याने डावा दंड, खांदा, मान थोपटत यायचं, तसंच दुसरीकडे, मांड्या, गुडघे. प्रत्येक ठिकाणी मनात एकच वाक्य, 'मी इथपर्यंत.' शेवटी शरीराच्या कडेकडेने एक बारीक उजेडाची रेघ कल्पायची, किंवा नुसता अंगावरच्या कपड्याचा स्पर्श. तीन मिनिटांत होतं, बसावं लागत नाही. संचातला सर्वांत छोटा ट्रॅक हाच, आठ मिनिटांचा आमचा नियम मोडून.

बाईंनी करून पाहिला. म्हणाल्या, थोपटणं आवडलं, उजेडाचं काही जमलं नाही. मग त्यांच्या फाइलमधून उजेड काढून टाकला.

१५ डिसेंबर

जोडणी. भाच्याने विरामांत तानपुरा घातला होता, काढायला लावला. लोक श्वास सोडून सूर ऐकत बसतात. पण पूर्ण शांतताही चालली नाही. वीस सेकंदांच्या वर काही ऐकू आलं नाही की फोन बंद पडला असं वाटून डोळे उघडतात, असं चाचणीत दिसलं. आता लांब विरामाआधी 'थोडा वेळ मी बोलणार नाही' हे वाक्य आहे, आणि विराम संपताना देवघरातल्या घंटेचा एक हलका टोल.

क्रम: तळहात, पाय, श्वास, स्पर्शाच्या तीन जागा, समई, 'मी इथपर्यंत', आणि झोपण्यापूर्वीचं पूर्ण शरीर. एका आठवड्यात एकच ट्रॅक, रोज तोच. वहीत रोज एक ओळ: काय जाणवलं, कुठे. 'छान वाटलं' असं लिहायचं नाही. 'डावा तळवा उजव्यापेक्षा गरम' असं लिहायचं.

व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या फाइलींना नुसते आकडे देऊन चालणार नाही, नावं मराठीत टाकायची. सातव्याच्या नावातच 'गाडी चालवताना नको' घालायचं, कारण कुणीतरी हमखास बसमधून उतरून स्कूटरवर बसल्या बसल्या कानात लावणार.